एक एप्रिलचा पाहुणा

पिराजी आला तेव्हा रत्नाकर आगटे बाल्कनीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. दारात कोण आहे हे कळल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बायकोनं, सुलभानं, आपण घरी नाही म्हणून सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि असं वाटल्याची त्यांना लगेच लाज वाटली. ही लाज काही नवी नव्हती. गेली सोळा वर्षं ती पिराजीच्या पाठोपाठच घरात येत होती. फक्त पूर्वी ऑफिस होतं, हुद्दा होता, तिला कुठंतरी दडवून ठेवता येत होतं.

पिराजी मूळचा खानापूरकडचा. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तो भट्टीवर कंत्राटी कामगार होता, तोही थोडाथोडका नव्हे, एकोणीस वर्षं. रत्नाकर त्याच विभागाचे मॅनेजर. पुण्याहून इंजिनिअर होऊन आले, चौतीस वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि क्वार्टर्स सोडून बाणसवाडीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सगळ्या विभागात मराठी बोलणारे दोघंच, एक साहेब आणि एक पिराजी. ‘आपला माणूस’ असं रत्नाकर त्याच्याबद्दल चारचौघांत म्हणत, आणि म्हणताना त्यांना स्वतःबद्दलच बरं वाटे. आपला माणूस म्हटलं की त्याला हक्कानं काहीही सांगता येतं, ही त्यातली सोय मात्र त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

पिराजी सोफ्याच्या कडेला टेकला. सुलभानं चहा आणला, बायकापोरांची चौकशी केली. त्यानं सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि मग खिशातून चौघडी केलेला कागद काढून हातात तसाच धरून ठेवला.

झालं होतं ते असं. यंदा कारखान्याचं कंत्राट दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं, आणि त्यानं पंचेचाळिशीच्या वरचं कुणी नको म्हणून सांगितलं. त्यांच्याऐवजी आयटीआय झालेली वीस-बावीस वर्षांची पोरं शिकाऊ म्हणून घेतली. एका वर्षासाठी, वर्ष झालं की ती जाणार आणि दुसरी येणार. पिराजी एक्कावन्नचा. त्याच्यासारखे तेवीसजण एका दिवसात गेटबाहेर आले. त्यातले काही वॉचमन झाले, काही गावी गेले. पिराजी चिकपेटमध्ये हार्डवेअरच्या एका दुकानात पेट्या उचलत होता. हे सांगताना त्यानं नकळत खांदा चोळला, आणि सुलभा ‘अगंबाई’ म्हणून आत गेली ती त्याच्यासाठी आणखी दोन बिस्किटं घेऊन आली.

तेवीसजणांनी मिळून कामगार न्यायालयात दावा लावला होता. आम्ही एकोणीस वर्षं, कुणी पंधरा वर्षं सलग काम केलंय, आम्हाला असं काढता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. सलग कुठलं? दर वर्षी एकतीस मार्चला कंत्राट संपतं, गेट पास जमा होतात. नवीन कंत्राट दोन एप्रिलला सुरू होतं. मधला एक एप्रिल हे लोक आमचे कुणीच नसतात. म्हणजे दर वर्षी नवीन माणूस, नवीन काम.

“साहेब, खरं एक एप्रिलला मी आत असायचो की ओ,” पिराजी म्हणाला. “तुमच्या गाडीतनं यायचो.”

असायचा, हे खरंच होतं. भट्टी एकदा थंड केली की पुन्हा तापवायला तीन दिवस लागत, आणि त्या जुन्या भट्टीचा स्वभाव पिराजीइतका कुणालाच ठाऊक नव्हता. पण एक एप्रिलला त्याच्याकडे पास नसे. मग रत्नाकर सकाळी त्याला आपल्या गाडीतून गेटवर आणत, पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहीत, भेटीचं कारण या रकान्यात ‘खाजगी’ असं लिहून खाली सही करत. पाहुणा दिवसभर भट्टीपुढे घाम गाळी आणि संध्याकाळी पाहुण्यासारखाच साहेबांच्या गाडीतून बाहेर येई. कामगारांच्या वकीलबाई सुप्रीता यांनी माहितीच्या अधिकारात त्या रजिस्टरची नऊ वर्षांची पानं मिळवली होती. पिराजीच्या हातातला कागद म्हणजे त्यातलंच एक पान. नऊ पानांवर रत्नाकरांची सही होती. पण नुसत्या पानावरून पाहुणा तो पाहुणाच. तो आत काय करत होता, हे सांगणारा माणूस हवा होता.

“तुम्ही नुसतं येऊन जे झालं ते सांगायचं,” पिराजी म्हणाला. “दुसरा कोण साहेब यायचा नाही हे मला ठाऊक आहे ओ. तुम्ही दर वर्षी आमच्यासाठी भांडलाय, म्हणून तुमच्याकडं आलो.”

“भांडायचेच हो हे,” सुलभा कौतुकानं म्हणाली. “मार्च आला की यांच्या डोक्याला तोच ताप असायचा.”

रत्नाकरांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, तरी त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरला. बघतो, विचार करून कळवतो, असं काहीतरी ते बोलले. पिराजी ‘सरी साहेब’, बरं साहेब, म्हणून उठला आणि जाताना वाकून पाया पडला.

आता ही भांडणाची हकिकत काय होती, ते सांगायलाच हवं, कारण ती जगात एकट्या रत्नाकरांना ठाऊक होती. सोळा वर्षांपूर्वी कारखान्याच्या वरिष्ठांना घोर लागला होता, की हे कंत्राटी लोक वर्षानुवर्षं टिकून राहिले तर उद्या कायम करा म्हणून मागे लागतील. तेव्हा रत्नाकरांनी आपण होऊन दीड पानाची एक टिपणी लिहिली. कंत्राट एकतीस मार्चला संपवावं, पुढचं दोन एप्रिलपासून द्यावं, मध्ये एक दिवस मोकळा सोडावा. माणसं तीच ठेवता येतील आणि सलग नोकरीचा प्रश्न निकालात निघेल. टिपणी वरच्यांना इतकी आवडली की ती सगळ्या विभागांना लागू झाली, रत्नाकरांना शाबासकीचं पत्र मिळालं आणि पुढच्याच वर्षी बढती. टिपणीचा क्रमांक आणि तारीख त्यांना अजून पाठ होती. सुलभाला त्यांनी बढतीचे पेढे वाटायला सांगितले होते, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नव्हतं. हुशारीचं वाटलं होतं.

लाज सुरू झाली ती त्या पहिल्याच मार्चमध्ये. पास जमा करायला सांगितल्यावर पिराजीची पाचावर धारण बसली. धाकटी मुलगी नुकतीच झालेली. तो रत्नाकरांच्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, परत घेतील का ओ साहेब, म्हणून. दोन तारखेच्या यादीत त्याचं नाव होतंच. टिपणीप्रमाणे सगळ्यांचीच होती. ‘अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे’ असं सांगून टाकलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण का एक दिवस, असं त्यानं विचारलं असतं. म्हणून रत्नाकर म्हणाले, “बघतो. बोलतो वर.”

दोन तारखेला नाव यादीत आलं, आणि संध्याकाळी पिराजी बेळगावहून सकाळच्या बसनं मागवलेला किलोभर कुंदा घेऊन क्वार्टर्सवर हजर. साहेबांनी भांडून मला परत घेतलं, असं त्यानं सुलभाला सांगितलं. तेव्हा ‘छे रे, मी काही केलं नाही’ असं रत्नाकर म्हणाले, अगदी खरं तेच म्हणाले, पण ज्या स्वरात म्हणाले त्याला लोक विनय समजतात. मग दर वर्षीचा तो रिवाजच झाला. मार्चमध्ये पिराजी दारात, साहेबांचं ‘बोलतो वर’, एक एप्रिलला गाडीतून भट्टी आणि दोन एप्रिलला कुंदा. सुलभा तो शेजारीपाजारी वाटायची आणि यांची गोष्टही वाटायची. तेरा वर्षं रत्नाकरांनी तो कुंदा खाल्ला. निवृत्तीच्या वर्षी डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

पिराजी येऊन गेल्यावर चार दिवस त्यांनी फोन केला नाही. स्वतःला त्यांनी अनेक सबबी सांगितल्या. निवृत्त माणसानं कंपनीविरुद्ध उभं राहणं बरं नव्हे, जुने सहकारी काय म्हणतील, बिगरपासाचा माणूस आत नेला म्हणून चौकशी लागली तर. पण यातल्या कशाचीच त्यांना खरी भीती नव्हती. भीती एकच होती. तिथं कुणी विचारलं, की हा एक दिवस आला कुठून, तर पिराजीला कळेल. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना मनापासून चांगला म्हणणारा एकच माणूस होता आणि तो फसवून मिळवलेला होता.

पाचव्या दिवशी सकाळी आशय, त्यांचा मुलगा, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेला दिसला. आशय सव्वीस वर्षांचा. महादेवपुऱ्यातल्या एका मोठ्या आयटी पार्कमध्ये, एका परदेशी कंपनीत तो कामाला होता, आणि महाराष्ट्र मंडळात रत्नाकर त्या कंपनीचं नाव घेऊन ‘आमचा आशय तिथं आहे’ असं सांगत. आशय तिथं बसत होता हे खरं, पण तो त्या कंपनीचा नव्हता. एका एजन्सीनं त्याला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर तिथं बसवलं होतं. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत कंपनीच्या लोकांची निळी आणि आशयसारख्यांची पिवळी. पिवळ्या फितीला कंपनीची बस नाही, वाढदिवसाचा केक नाही. दोन वर्षांत त्यानं चाळीसेक ठिकाणी अर्ज केले होते. सगळीकडे अनुभव विचारत, आणि एजन्सीचा अनुभव कुणी अनुभव धरत नसे. हे मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. आईवडिलांचा मान राहावा म्हणून आशयच ते बाहेर लपवून ठेवायचा.

“तुझं कंत्राट परवा संपलं ना?” रत्नाकरांनी विचारलं.

आशयनं मान न उचलता सांगितलं की नवीन सोमवारी सुरू होईल, मधले चार दिवस तो कागदावर कुठंच नाही. पण काम अडलं होतं, म्हणून टीमच्या लीडनं त्याला घरूनच पुष्करच्या नावानं कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरून ते उरकायला सांगितलं होतं. पुष्कर म्हणजे त्याचा निळ्या फितीचा मित्र.

रत्नाकरांचं डोकंच फिरलं. हे लोक तुला चार दिवस माणूस म्हणून धरत नाहीत आणि तू दुसऱ्याच्या नावानं त्यांची कामं करतोस, तुला काही स्वाभिमान आहे की नाही, असं ते बरंच बोलले. सुलभा पदराला हात पुसत बाहेर आली. आशय शांतपणे ऐकून घेत होता. मग त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं.

“बाबा, लीड चांगला माणूस आहे. माझ्यासाठी तो वर भांडतो. दर वेळी त्याच्यामुळेच तर मला परत घेतात.”

तो कुणाशीही भांडत नाही, तुझं नाव यादीत आधीपासूनच आहे, हे वाक्य रत्नाकरांच्या ओठांवर आलं होतं. पण तुम्हाला कसं ठाऊक, असं आशयनं विचारलं असतं, आणि सुलभा तिथंच उभी होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगा पुन्हा कामाला लागला. दुपारी त्यांनी पिराजीला फोन करून येतो म्हणून सांगितलं.

तारखेच्या आदल्या दिवशी सुप्रीतांनी त्यांना बंगळूरच्या शिवाजीनगरला आपल्या ऑफिसात बोलावलं. खाली भांड्यांची दुकानं, वर दोन खुर्च्या आणि फायलींचे ढीग. बाई तिशीच्या, बोलणं चटपटीत. त्यांनी प्रश्न समजावून सांगितले, आणि मग निरोप देताना म्हणाल्या, की साहेब, तुमच्या साक्षीनं पिराजीचं काम सिद्ध होईल, पण तो तेवीसातला एक. हा एक दिवस मुद्दाम, सलग नोकरी तोडण्यासाठीच घातला, असा कंपनीचा एखादा कागद मिळाला तर सगळ्यांचंच भलं होईल. माहिती मागवली होती, उत्तर आलं की तशी फाइल सापडत नाही. नुसता क्रमांक आणि तारीख कळली तरी न्यायालयाकडून ती मागवता येईल. तुमच्या कानावर कधी काही आलं होतं?

“आठवून बघतो,” रत्नाकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून न्यायालयात गेले. पिराजीबरोबर नऊ-दहाजण आले होते. सगळे धुतलेल्या कपड्यांत, भिंतीला धरून उभे. साक्ष सुरू झाली आणि रत्नाकरांना वाटलं होतं तितकी ती अवघड गेली नाही. हो, सही माझी. हो, पिराजी दर एक एप्रिलला आत होता. पाहुणा म्हणून नव्हे. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत भट्टीवर. ‘खाजगी’ हे खोटं कारण मी लिहिलं. हे म्हणताना त्यांची मान ताठ झाली. खरं बोलण्याचं सुख त्यांना कितीतरी दिवसांनी मिळत होतं आणि त्या सुखात आपण पुरतं खरं बोलतोय असंच त्यांना वाटायला लागलं.

कंपनीच्या वकिलानं नियम मोडल्याबद्दल त्यांना चार टोचणारे शब्द ऐकवले. तेही त्यांनी झेलले. मग शेवटी सुप्रीता उठल्या आणि कंपनीचा वकील हरकत घेत असतानाच त्यांनी विचारलं, की हा एक दिवस मोकळा ठेवण्याची पद्धत कुणी आणि कशासाठी सुरू केली, हे साक्षीदाराला माहीत आहे का.

हरकत फेटाळली गेली. टिपणीचा क्रमांक रत्नाकरांच्या जिभेवर होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पिराजी त्यांच्याकडे अशा विश्वासानं पाहत होता, जणू घरच्या लग्नात मोठा भाऊ भाषणाला उभा राहिलाय.

“वरून आलेली पद्धत होती,” रत्नाकर म्हणाले. “मला कल्पना नाही.”

कागद खालून वर गेला होता. पण टाइप करणाऱ्यानं त्यांचं उत्तर टाइप केलं, त्यांनी खाली सही केली, आणि साक्ष संपली.

बाहेर आवारात झाडाखाली सगळे त्यांच्याभोवती जमले. सुप्रीता दुसऱ्या खटल्यासाठी वर गेल्या होत्या. त्या माणसांना मराठी येत नव्हतं, म्हणून पिराजी त्यांना कन्नडमधून भरभरून सांगत होता, की आपले आगटे साहेब असेच, दर वर्षी आपल्यासाठी वरच्यांशी भांडायचे, आणि आज सगळ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करायलाही भ्यायले नाहीत. कुणी रत्नाकरांचा हात हातात घेतला. मल्लाप्पा म्हणून एक साठीचा माणूस होता, त्यानं तो हात डोळ्यांना लावला. ते मात्र रत्नाकरांना सोसवेना. त्यांनी हात ओढून घेतला.

“पिराजी,” ते मराठीत म्हणाले, “मी कधीच कुणाशी भांडलो नाही रे. तुमची नावं यादीत असायचीच. तो एक दिवस मीच काढला होता. लिहून दिला होता मी वर.”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, सुटलो. पण पिराजीच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते वाटणं राहिलं नाही. तो रागावला नव्हता. रागावला असता तर रत्नाकरांना ते हवंच होतं. तो नुसता हिशेब लागत नसल्यासारखा त्यांच्याकडे बघत होता, आणि मग हळूहळू त्याला सगळं लागलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली. लाज साहेबांची, आणि मान त्यानं घातली.

“हे आत का नाही बोलला ओ?” त्यानं अगदी हळू विचारलं.

आत रत्नाकर बोलले असते तर तेवीसजणांना कळलं असतं. इथं एकालाच कळणार होतं, आणि तो आपला माणूस होता. मराठी त्यांनी त्यासाठीच निवडली होती, हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

दोघांचे चेहरे बघून बाकीचे बुचकळ्यात पडले होते. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळत होतं.

“एन अंतारे साहेब्रु?” मल्लाप्पानं पिराजीला विचारलं. साहेब काय म्हणतायत?

पिराजीनं वर पाहिलं. मग त्यानं रत्नाकरांकडे न बघता सांगितलं, “ऊटा आयता अंत केळ्तारे.”

जेवण झालं का, असं विचारतायत.

सगळ्यांचे चेहरे खुलले. आयतु सार, आयतु, झालं झालं, असं तिघंचौघं एकदम म्हणाले. सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नव्हतं हे उघड दिसत होतं. मल्लाप्पानं हात जोडून, साहेब तुमचं झालं का, असं अदबीनं उलट विचारलं. रत्नाकरांना कन्नड चांगलं येत होतं. चौतीस वर्षं त्यांनी अशाच माणसांना त्याच भाषेत कामं सांगितली होती. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि सुप्रीता जिन्याच्या वरच होत्या. सगळे उत्तरासाठी त्यांच्याकडे बघत उभे होते. आता पिराजीही बघत होता.

“आयतु,” रत्नाकर म्हणाले.